विणणारी : अज्ञात

४ ऑक्टोबर

ही वही घेऊन तीन आठवडे झाले. रोज म्हणतो आज लिहू, आणि रोज काहीतरी निघतं — कुत्रं आजारी, पेन हरवलं, ट्रकचं चाक बसलं. खरं म्हणजे कंटाळा. शाळेत निबंध म्हटला की माझं पोट दुखायचं. पण आज डोकं इतकं तापलंय की कुणाला तरी सांगितलंच पाहिजे, आणि ओली मावशी ऐकून घ्यायला तयार नाही.

झालं असं. कोंबड्यांच्या कारखान्यातलं काम सुटलं. (मी म्हणतो सोडलं, ते म्हणतात काढलं.) घरी, ताहलेक्वाला परत येताना ट्रक तापला, म्हणून आपल्या चेरोकी केंद्राच्या, म्हणजे संग्रहालयाच्या, आवारात लावला आणि पाणी मागायला आत गेलो. शाळेच्या सहलीनंतर तिथे पाय ठेवला नव्हता. आपलंच आपण काय बघायचं? आत टेक्सासचं एक कुटुंब फिरत होतं. त्यातला बाप मला विचारतो, "तुम्ही खरे चेरोकी का?" म्हटलं, "अर्धा. उरलेला बाहेर ट्रकमध्ये बसलाय." त्याने मान वळवून खरंच बाहेर बघितलं!

तर ते जाऊ दे. पाणी पिऊन निघालो होतो, तेवढ्यात काचेत ती टोपली दिसली. दुहेरी विणीची — तळापासून आत वर चढायची, काठावर उलटायची, बाहेरून परत तळाला. खाली पाटी : 'टोपली. बकब्रशच्या वेली, अक्रोडाचा रंग. विणणारी : अज्ञात.'

अज्ञात!

शेजारच्याच काचेत बंदूक. आपल्या लोकांना घरातून हाकलून इकडे ओक्लाहोमात आणणाऱ्या एका सैनिकाची. त्याचं नाव आहे, हुद्दा आहे, गाव आहे, जन्मतारीखसुद्धा आहे. हाकलणाऱ्याची जन्मतारीख ठाऊक, आणि टोपली विणणारी अज्ञात!

ती वीण मी डोळे मिटून नुसत्या बोटांनी ओळखेन. बाकी सगळ्या जणींची वीण उजवीकडे जाते. ओली मावशी डावखुरी, तिची डावीकडे. ही टोपली डावीकडे जात होती.

आरडाओरडा केला. आतून आल्या कोण, तर लिटा सिक्सकिलर! चौथीला मला शिकवायला होत्या, आता तिथल्या मुख्य.

"कोल्बी? अरे, आवाजावरूनच ओळखलं."

"बाई, ही माझ्या मावशीची टोपली. नाव लावा."

"पुरावा?"

"वीण बघा ना!"

"चौथीतही असंच. गृहपाठ कुठे, तर बघा ना बाई, डोक्यात आहे." मग जरा मऊ झाल्या. "मागच्या वसंतात टपालाने आली. आर्कान्सॉचा शिक्का होता. चिठ्ठी नाही, नाव नाही. मी काय मनाने लिहू? ओलीला घेऊन ये. ती हो म्हणाली की तासाभरात पाटी बदलते."

आता मावशी येत नाही म्हणते. वा!

५ ऑक्टोबर

मावशी म्हणे, "माझ्या टोपल्या कोण कुठे घेऊन गेलं, मी काय माग काढत बसू? हिकरीची फळं पडलीत, ती सारासाठी कुटून दे."

कुटली. ओंडक्याच्या उखळात, टरफलासकट, तेल सुटून गोळे वळेपर्यंत. पूर्वी हे ती एकटी करायची. आता बोटं आकड्यासारखी वाकलीत. सहा वर्षं झाली, वेलीला हात लावलेला नाही.

"तुझं नाव लागायला नको?"

"नाव लागलं की बोटं सरळ होणार का?"

"मग त्या सैनिकाचं का लागलं?"

"तो मेलाय, त्याला आता मीठ लागत नाही. तू सारात घाल जरा."

तिच्याशी भांडणं म्हणजे पाण्यावर काठी मारणं.

आमच्या जुन्या बोलीत आईच्या बहिणीला वेगळा शब्द नाही. तीही आईच. बरं आहे — एक निघून गेली तरी एक उरते. माझी अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेली. मी बारा वर्षांचा होतो. यावर आणखी लिहायचं नाही.

८ ऑक्टोबर

गोट्या खेळायला गेलो होतो. दगडी गोट्या, पाच गल. चौथ्या गलीपर्यंत पुढे होतो, मग हसू आलं आणि हरलो. तिथे खेळणाऱ्या हॉक म्हाताऱ्याला टोपलीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "ओलीची टोपली काचेत? शेवटची मी पाहिली तेव्हा तिच्यात कांदे होते."

सगळे हसले. मी नाही.

१० ऑक्टोबर

आली! सकाळी मी उठायच्या आत चांगली ओढणी डोक्याला बांधून ट्रकमध्ये बसलेली. "चल. नाहीतर तू हिवाळाभर कुरकुरशील."

लिटाबाईंनी काच उघडली, पांढरे हातमोजे पुढे केले. मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"लिटा, हे काय? मी बाळंतपण करायला आलेय का?"

"नियम आहे, ओली."

"टोपलीला विचारून केलास का नियम?" आणि घेतली उघड्या हातांनी! मला इतका आनंद झाला की शीळ घालावीशी वाटली. तिने तळ बघितला. नाकाशी धरली. "अक्रोडाचा वास अजून आहे," म्हणाली. मग टोपली कानाशी नेली आणि हलवली.

आत काहीतरी खुळखुळलं.

लिटाबाई दचकल्या. "तुटलं का काही?"

"नाही." मावशीने टोपली हलकेच परत ठेवली. "ही माझी नाही."

एवढ्या लोकांसमोर! सहावीची एक अख्खी सहल उभी होती. मी लिटाबाईंशी इतकं भांडलो, आणि ही म्हणते माझी नाही.

पण खुळखुळ मलाही ऐकू आली होती.

दोन विणींच्या मधे, जिथे कुणाचं बोट पोचत नाही तिथे, एक मणी सोडलेला असतो. आपल्या माळांना लागतो तो राखाडी, बियांचा. असं एकच बाई करायची, माझी आई. माझ्यासाठी पहिल्यांदा केलं, खेळायला. मावशी तेव्हा किती ओरडली होती तिला — "टोपली म्हणजे खुळखुळा नव्हे, रॉनेल!" तिला शिकवलं मावशीनेच. शेजारी बसून, बघून बघून शिकली, म्हणून उजव्या हाताची असून वीण डावीकडे.

वास ताजा. म्हणजे ती कुठेतरी आहे. वेली उकळते, सोलते, रंगवते. मणीही टाकते अजून. आणि टपालखर्च करून टोपली पाठवते, ती काचेच्या पेटीला! घर तिथून अकरा मैलांवर आहे. पत्ता बदललेला नाही.

११ ऑक्टोबर

आज उलटं भांडण. लिटाबाईंचा फोन आला, नाव काय लिहू? मावशी म्हणाली, "लिही. रॉनेल हमिंगबर्ड."

मी फोन हिसकावला. "काही लिहायचं नाही! आहे तीच पाटी बरोबर आहे. अज्ञात!"

लिटाबाई म्हणाल्या, "आठवड्यापूर्वी याच शब्दावरून तू माझी काच फोडायला निघाला होतास."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"मला अजूनही माहीत नाही, कोल्बी. म्हणून तर विचारतेय."

मावशीने फोन काढून घेतला. हळू आवाजात हमिंगबर्डची अक्षरं सांगितली, एक एक करून. मग माझ्याकडे वळली. "तिने विणली. तू रागाव, उपाशी रहा, ट्रक घेऊन पुन्हा निघून जा. पण विणली तिने."

"तिने आपलं नाव स्वतःच लिहिलं नाही! तू कोण लिहिणारी?"

"जिने शिकवलं ती."

ट्रक घेऊन निघालो. नदीपर्यंत गेलो. पर्सिमनची फळं पडली होती, खाल्ली. कच्ची. तोंड आवळून गेलं. परत आलो.

१८ ऑक्टोबर

आपल्या पेपरात टोपलीचा फोटो आलाय, खाली तिचं नाव, आणि 'ओलीची शिष्या'. मावशीने कापून फ्रिजवर लावला. मी काढला. तिने परत लावला. मी पुन्हा काढला नाही. आळस, दुसरं काही नाही.

२३ ऑक्टोबर

लिटाबाईंचा फोन. कुजबुजत होत्या. एक बाई आलीय, तासभर त्या काचेसमोरून हलली नाही. आर्कान्सॉची गाडी. विचारतेय, माझं नाव कुणी सांगितलं?

मावशी ओढणी बांधतेय. मला बूट सापडत नाहीयेत. एक सापडला.