शंभरातले तेरा रुपये

लोहारा
३ सप्टेंबर २०२४

चि. शिवानीस काकाचे आशीर्वाद.

तुझा फोन मुद्दाम उचलत न्हाय. फोनवर मी चिडतो आणि मुद्दा ऱ्हाऊन जातो. तुझ्या विमान कंपनीनं हैदराबादच्या काउंटरवरल्या दोनशे जणांना कळवलंय, की एक तारखेपासून कायमची नोकरी बंद, ठेकेदाराकडं कमी पगारावर या. त्यात माझी भुवनेश्वरी हाय. कारण काय, तर दुसऱ्या कंपनीपेक्षा तुमचा माणसांवरचा खर्च जास्त. सोबतच्या तक्त्याखाली नाव तुझं! सख्ख्या चुलत बहिणीला खर्चात धरताना हात कसा धजला, असं तुझी काकू विचारतेय.

मी एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो. साहेब म्हणायचे, खासगी जीप बघा, कंडक्टरबिगर चालते. अगं, जीपवाला नाक्यावर सीट भरणाऱ्याला फेरीमागं पैसे द्यायचाच की! ते पगारात दिसायचे न्हाईत, एवढंच. तू हे बघितलंस का? लई संताप झालाय. तब्येत सांभाळ.

महालिंगप्पा


गुरुग्राम
१० सप्टेंबर

ती. काकांना शिवानीचा शरणार्थ.

फोन उचलला असता तर आठवडा वाचला असता, काका! तक्ता दोन दिवसांत मागितला होता. शंभर रुपये उत्पन्नातले आमचे तेरा रुपये माणसांवर जातात, त्या दुसऱ्या कंपनीचे नऊ. तेवढं मांडून दिलं. त्यावरून कुणाला काढणार, हे मला कुणी सांगितलं नाही. खरं म्हणजे मीही विचारलं नाही.

तुमची जीप वाचून त्यांचा वार्षिक अहवाल पुन्हा काढला. त्यांची काउंटरवरची सगळी माणसं ठेकेदाराची. ते बिल ‘विमानतळ सेवा’ या नावाखाली वेगळं दाखवलंय. ते धरलं की नवाचे साडेबारा होतात. आम्ही मागं पडतो ते इंधनात, कारण आमची विमानं जुनी. साहेबांना दाखवलं, तर म्हणाले, पत्रं गेली, आता विषय बंद. मग मीही वैतागले आणि दुरुस्त तक्ता माझ्या सहीनं थेट संचालकांना पाठवला. पुढं माझं काय होईल, माहीत नाही. काकूंना सांगा, चूक माझीच होती. रागावलात तरी माया कमी करू नका.

शिवानी


हैदराबाद
२९ सप्टेंबर

शिवानीस,

अप्पांचा हुकूम, की पत्रच लिही, फोनवर तुम्ही दोघी भांडाल. काल आमची ठेकेदारीची पत्रं मागं घेतली. वर्षभरानं पुन्हा बघू म्हणालेत. काउंटरवर पेढे वाटले, आणि तेवढ्यात कळलं, की तुला त्या कामावरून काढून कँटीनची बिलं तपासायला बसवलंय. माझा पेढा परत डब्यात ठेवला.

तरी माझा राग गेलेला नाही. तक्ता करण्याआधी मला एक फोन केला असतास! शेजारच्या काउंटरवर त्या दुसऱ्या कंपनीच्या ठेकेदाराकडच्या मुली दर तीन महिन्यांनी बदलतात आणि मशीन कसं चालवायचं ते आम्हाला विचारतात, हे मी जागच्या जागी सांगितलं असतं. तुला मात्र सगळं कागदावरच शोधायचं असतं.

दिवाळीला लोहाऱ्याला ये. परत जाताना माझ्याच काउंटरवर ये. अम्मा तुझ्यासाठी आत्तापासून शेंगा भाजायला लागलीय म्हणे, म्हणजे तुझी बॅग पाच किलो जास्त भरणार. त्याचे पैसे मी एक रुपयाही सोडणार नाही. पण रांगेत सगळ्यांदेखत तुला मिठी मारीन.

तुझ्यावर चिडलेली,
भुवी