हयातीचा फोन

चिरंजीव भाऊजी यांस,

वहिनीचे पोटभर आशीर्वाद. तुम्ही एकाहत्तर वर्षांचे झालात तरी मला चिरंजीवच. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा तुम्ही एका हाताने चड्डी सावरत दारात उभे होता, ते काही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. इकडे सगळं क्षेम आहे असं पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहायला सांगितलं. कितपत क्षेम आहे ते पुढे कळेलच. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? डाव्याचं विचारत नाही, कारण माझ्या मुलाने फोन केला की तुमचा डावा दुखतो आणि मी केला की उजवा. कवळी तोंडात घालता, की अजून डबीत ठेवून आल्यागेल्याला दाखवता?

पत्र सूनबाई लिहिते आहे. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. आजवर माझी पत्रं तुमचे दादा लिहायचे. मी अर्धा तास बोलायचे आणि ते चार ओळी लिहायचे. बाकीचं कुठे गेलं म्हणून विचारलं तर म्हणायचे, "त्यात आलं." सूनबाईचं उलटं आहे. मी दोन वाक्यं बोलते आणि हिचं पेन चार वाक्यांएवढं हलतं. मला वाचता येत नसलं तरी पेन मोजता येतं. (काका, मी सून. त्या बोलल्या तेच लिहिते आहे. जिथे राहवलं नाही तिथे फक्त असा कंस घालते आहे.)

तर गोष्ट अशी की तुमचे दादा जाऊन चार महिने होऊन गेले आणि सरकारदरबारी ते अजून गेलेले नाहीत. परदेशात मुलांकडे येऊन राहिलेल्या पेन्शनरांना पूर्वी वर्षातून एकदा हयातीचा दाखला पाठवावा लागायचा. आता पेन्शन ऑफिसने त्यासाठी मशीन बसवलंय. दर महिन्याच्या दहा तारखेला, इथल्या सकाळी दहाला, घरच्या फोनवर त्या मशीनचा फोन येतो. आतली बाई मध्ये श्वास न घेता तुमचं नाव, नंबर सगळं म्हणून दाखवते आणि "बोला" म्हणते. पेन्शनरने "मी हयात आहे" एवढंच म्हणायचं. मशीनला आवाज पटला की त्या महिन्याचं पेन्शन सुटलं. दोन वर्षांपूर्वी आवाजाचा नमुना घेतला तेव्हा मी समोरच होते. तुमच्या दादांनी पस्तीस वर्षं सरकारी गोदामात वजनकाट्यावर काढली. आकडा सांगायचा आणि गप्प व्हायचं, ही सवय त्यांनी घरीही मोडली नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी रिसीव्हर धरून बसले. मशीन म्हणालं, वाक्य तीनदा बोला. पहिल्यांदा हे म्हणाले, "हं." मी डोळे वटारले, तर दुसऱ्यांदा घसा खाकरला. तिसऱ्यांदा काहीच नाही. माणसाने स्वतःबद्दल असं खात्रीने बोलावं का, याचा विचार करत बसले. मशीन म्हणालं, "धन्यवाद. आपला आवाज साठवला आहे." मी त्या दिवशी इतकी हसले की टेबल धरावं लागलं. त्यानंतर दर दहा तारखेला हे रिसीव्हर कानाला लावून नुसते बसायचे आणि पेन्शन बिनबोभाट यायचं.

गेले तेही न सांगताच. दुपारी खुर्चीत डोळे मिटले, मी चहा ठेवला, चहा निवला. त्यानंतर बाराव्या दिवशी दहा तारीख आली. मी एकटीच होते. फोन वाजला तो मी उचलला, तो खरं तर त्या बाईला सांगायलाच, की बाई, आता नाव पुसा. ती "बोला" म्हणाली आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या! तुम्ही हसाल, पण मी तशीच उभी. घड्याळाची टिकटिक, नळाचा थेंब, बाहेर कोणाच्या तरी गाडीचं दार. आणि मशीन थांबलं होतं. भाऊजी, माणूस गप्प असला की आपण थांबतो ते थांबणं वेगळं आणि माणूस बोलत असताना ऐकत थांबणं वेगळं. हे दुसरं होतं. मग ती म्हणाली, "धन्यवाद. आवाज ओळखला. आपण हयात आहात." मी रिसीव्हर ठेवला आणि खाली बसले. त्यांच्या खुर्चीत नाही, दुसरीत.

पुढच्या दहा तारखेला मी शहाणपणा केला. फोन उचलला, रिसीव्हर टेबलावर उताणा ठेवला आणि बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेले. म्हटलं, आता घरात कोणीच नाही, कोणाला ओळखतेस बघू. काचेतून आत बघत होते. सकाळचं ऊन टेबलावर आडवं पडलं होतं, रिसीव्हर होता, खुर्ची होती, बाकी काही नाही. चिमटे संपेपर्यंत मी बाहेर राहिले. आत येऊन कानाला लावलं तर बाई सांगत होती, "आवाज ओळखला. आपण हयात आहात. आपला निरोप नोंदवला आहे." निरोप! साठ वर्षांच्या संसारात ह्यांनी मला कधी निरोप ठेवला नाही, भाजीला गेले तरी.

मग मात्र मी मुलाला सांगितलं. तो पांढराफटक पडला. म्हणाला, "आई, मेलेल्या माणसाचं पेन्शन घेणं हा गुन्हा आहे." मी म्हटलं, घेत कोण आहे, ते देताहेत. त्याने त्या पैशाला हात लावायचा नाही असं बजावलं आणि माझ्या घराचं भाडं स्वतःच्या खिशातून भरायला लागला. आता खरी अडचण ऐका. हे घर आमचं दोघांचं, दोन खोल्यांचं, मुलाच्या घरापासून दोन गल्ल्या टाकून. घरमालकीण या महिन्याअखेरीस करार नवा करणार आहे आणि तिला माझ्या स्वतःच्या उत्पन्नाचा कागद हवा. माझं उत्पन्न म्हणजे विधवेचं अर्धं पेन्शन. ते सुरू व्हायला आधी मी विधवा व्हायला हवी, आणि मशीन मला होऊ देईना. म्हणजे ह्यांना जिवंत ठेवायचं तर घर जातं आणि घर ठेवायचं तर ह्यांना माझ्या हाताने मारायचं. घर गेलं तर मी मुलाकडे जायचं, कपडे धुवायच्या मशीनशेजारच्या खोलीत. (खोली चांगली आहे, काका. खिडकी आहे.) खिडकी आहे, पण ती दुसऱ्या भिंतीवर उघडते.

तिसऱ्या महिन्यात मुलाने फोन त्याच्या घराकडे वळवून घेतला. बरोबर दहाला वाजला. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. "बोला," म्हणाली. कोणी बोललं नाही. बराच वेळ गेला आणि मग ती म्हणाली, "आवाज मिळाला नाही. पेन्शनर घरी असताना पुन्हा फोन करू." मुलाने टाळीच वाजवली. म्हणाला, "बघ आई, सोपं आहे. बाबा नमुना देताना बोललेच नाहीत. मशीनने तुमच्या स्वयंपाकघराचाच आवाज साठवला, घड्याळ, नळ, फ्रिज. ते बाबांना ओळखत नाही, खोलीला ओळखतं." मुलगा हुशार आहे, तुमच्यावर गेलेला नाही. मला पटलं. पटूनही मी फोन परत माझ्या घराकडे वळवायला लावला आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या आत तिथे जाऊन बसले. फोन आला. ओळखला.

मग आम्ही मृत्यूचा दाखला घेऊन इथल्या वकिलातीत पेन्शनरांच्या खिडकीवर गेलो. काचेमागच्या गृहस्थांनी कागद उलटापालटा केला आणि फार अदबीने सांगितलं की दाखला खरा आहे, पण तो फेब्रुवारीचा आहे आणि साहेब हयात असल्याची नोंद त्यानंतर तीनदा झालेली आहे. नंतरचा पुरावा धरायचा असा नियम आहे. मी म्हटलं, "अहो, मी त्यांना जाताना पाहिलंय." ते म्हणाले, "आजी, आमच्याकडे त्यांनी स्वतः सांगितलंय." मी म्हटलं, काय सांगितलं ते ऐकवा तरी. आधी नाही म्हणाले, मग मागे रांग नव्हती म्हणून त्यांनी बाल्कनीच्या दिवशीचं ऐकवलं. टिकटिक. थेंब. लांबून माझ्या चिमट्यांचा आवाज. आणि मग अगदी फोनजवळ, घसा खाकरल्यासारखं. काचेमागचे गृहस्थ म्हणाले, लाईनची खरखर. मुलगा म्हणाला, फ्रिज. सूनबाई काहीच म्हणाली नाही, आणि तिला तर प्रत्येक गोष्टीत मत असतं. (मी तिथे होते. मला काही म्हणायचं नाही.)

राहिली गेली दहा तारीख. मुलगा म्हणाला, आई, उपाय एकच, या वेळी तू बोल. दुसरा आवाज आला की मशीन आपोआप नाही म्हणेल. दोघं रजा काढून आले, दाराशी तोंडावर हात धरून उभे राहिले. बाईने "बोला" म्हटल्याबरोबर मी सुरू झाले. म्हटलं, मी ह्यांची बायको. हे गेले. चहा टेबलावर होता. चष्मा मी कपाटात ठेवलाय, जोडे देऊन टाकले, एक जोड ठेवला. नळ तुम्ही दुरुस्त करणार होता तो अजून गळतो. मग लक्षात आलं की मी मशीनशी नाही, त्यांच्याशीच बोलते आहे, पण थांबता येईना. दम लागला तेव्हा थांबले. मुलाचा आणि सुनेचा हात तोंडावरच होता, मी बघत होते. मशीन म्हणालं, "कृपया एका वेळी एकाच व्यक्तीने बोलावं."

मुलाने येऊन फोन ठेवला. त्यानंतर त्याने मला फ्रिजचं काही सांगितलेलं नाही.

असो. पत्र फार लांबलं. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार सांगायचा, पण आता तिथे सगळ्यांत वडील तुम्हीच, तेव्हा नमस्कार मी परत घेते. गुडघ्याला शेक द्या, दोन्हीही.

तुमची वहिनी
शेजारी उमटवलाय तो अंगठा. सूनबाई म्हणते शाई जास्त झाली.

ता. क. हे सगळं लिहिलं ते एका कामासाठी. खिडकीवरच्या गृहस्थांनी जाताना सांगितलं की मशीनची नोंद खोडायची तर तिकडच्या मोठ्या ऑफिसात रक्ताच्या नातलगाने स्वतः जाऊन "माझा भाऊ वारला" असं तोंडाने सांगायचं, लिहून घेतात आणि त्याच दिवशी फोन बंद होतो. मी साठ वर्षांची बायको, पण रक्ताची नाही. मुलाला तिकडे यायला रजा मिळत नाही. उरलात तुम्ही. मुलाने दोनदा विचारलं तर तुम्ही गुडघा पुढे केलात. भाऊजी, गुडघा नाही हे मला कळतं. चार महिन्यांत तुमच्या तोंडून तो शब्द निघालेला नाही. फोनवर अजून "दादा तिकडे" म्हणता, जसे काही ते फिरायला आलेत. मलाही कुठे निघत होता? पण माझा निघाला, दाराशी दोघं उभे असताना निघाला. आता तुम्ही काढा. दाखला सोबत जोडला आहे. रिक्षा करा, जिना हळू चढा, आणि दहा तारखेच्या आत, नऊ तारखेलाच जा. नाहीतर आणखी एका महिन्याचं पेन्शन जमा होईल आणि तेही परत करायला लागेल.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करायच्या आधी सूनबाईला परत बसवलं आहे. नऊला जाऊ नका. अकरा तारखेला जा. करार महिन्याअखेरीस आहे, तेवढ्यात बसतं. एका महिन्याचं पेन्शन परत करू, मुलाला मी सांगेन, दंड पडलाच तर माझी बांगडी आहे. (काका, मी कारण विचारलं होतं. आता विचारत नाही.) कारण एवढंच की आजवर तो फोन आला तेव्हा मी एकदा घाबरून उभी होते, एकदा पळाले, एकदा पाळत ठेवली आणि एकदा स्वतःच बोलत सुटले. जन्मभर हेच झालं. त्यांनी तोंड उघडायचं आणि मी वाक्य पुरं करायचं. या दहा तारखेला मी खुर्ची ओढून समोर बसणार आहे आणि अवाक्षर काढणार नाही. मशीन घाई करेल, पण तुमच्या दादांना सुरुवात करायलाच वेळ लागतो. अकरालाच जा.