चैत्री पौर्णिमेपर्यंतचा उपास

बाबा, तुमचा उपास चुकला होता. हे यंदा होळीनंतर कळलं, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

पेशव्यांनी आपल्याला क्रुसाचं देऊळ बांधायला जागा दिली, गोव्याहून पाद्री आले. होळी झाली नि पुढच्याच रविवारी ते म्हणाले, आज पास्खा, आज येशू उठला. मी म्हटलं, "अजून चैत्रही लागला नाही, आज कसा?" ते म्हणाले, चैत्री पौर्णिमेनंतरचा रविवार बहुतेक वर्षी जुळतो, पण कधीकधी पास्खा महिनाभर आधीच येऊन जातो. मग भीत भीत मी तुम्ही गेलात ते वर्ष विचारलं. त्यांनी हिशेब केला. त्या वर्षीही पास्खा होळीनंतरच झाला होता.

वसई पडली तेव्हा निघून जाणाऱ्या पाद्रींनी तुम्हाला घाईघाईत एवढंच सांगितलं होतं: पास्खा चैत्रीनंतरच्या रविवारी, तोवर उपास, मांस वर्ज्य, आणि ही मागे राहिलेली आपली माणसं सांभाळ. पुढे तुम्ही पुण्याच्या तोफखान्यात लागलात. दसऱ्याला तोफेपुढे हात जोडले नाहीत म्हणून बढती हुकली, तरी घरात प्रार्थनेला माणसं जमवत राहिलात. दर साली नारायण पेठेतल्या जोशीबुवांना पौर्णिमा विचारायला जायचात. "देव तुमचा, पौर्णिमा आमची. आमची काही हरकत नाही," ते म्हणायचे.

तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. चैत्र नुकताच लागलाय. तुमचा ताप उतरलाय, पण अंगात त्राण नाही. कोंबडीचा रस्सा पोटात गेला तरच माणूस उठेल, असं हकीम सांगून गेलाय. आई वाटी घेऊन बसलीय. "आजाऱ्याला उपास माफ असतो, अहो," ती म्हणते. तुम्ही तोंड फिरवता. "माफी पाद्रींनी द्यायची. मीच मला देऊ लागलो, तर या माणसांना उद्या काय सांगू?" त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

पास्खा तेव्हा केव्हाच होऊन गेला होता, बाबा. तुम्ही जेवायला मोकळे होतात. मला तुमचा राग येतो, त्या जुन्या पाद्रींचा तर फारच. घाईत का होईना, माणसाने पुरतं सांगावं. नवे पाद्री म्हणतात, देव दिवस नाही, मन बघतो. बघत असेल. वाटी मात्र तशीच राहिली.

हे धाडायचं कुठे, म्हणून उशाखालीच ठेवतोय. पाद्रींच्या पास्खाला मी सगळ्यांबरोबर पोटभर जेवलो. पण चैत्र लागल्यापासून पुन्हा मांस सोडलंय. घरी सांगितलंय, पोट बिघडलंय म्हणून.