पायरी काढलेले दुकान

सोमवार, ३ तारीख
आलो एकदाचा! मामांनी किल्ल्या हातावर ठेवल्या आणि बजावले, की सोळा तारखेच्या रविवारी दुकान उघडलेले दिसले नाही तर ते दुसऱ्याला देतील. भाचा म्हणून गय करणार नाहीत. चालेल. लांबी चौदा फूट, रुंदी नऊ फूट दोन इंच. दोनदा मोजली. मागच्या भिंतीला लागून जिना, वर माळा, माळ्याला चक्क खिडकी! आईला तिथेच आणणार. दादाकडे ती स्वयंपाकघराच्या दारात झोपते आणि वहिनीला तीही अडचण वाटते.

हा रस्ता गाड्यांना बंद केल्यापासून भर पेठेत माणसे नुसती हिंडायला येतात, पण या दुकानाकडे कोणी वळत नाही. कारण उघड आहे. दाराला गुडघाभर उंच पायरी. एका वहीसाठी, पेनासाठी एवढे चढून कोण येईल? पायरी काढून उतार करायचा. येणाऱ्याला पाय उचलावा लागू नये.

बुधवार, ५
गवंड्याने पायरी फोडली. पायरीच्या पोटात पायरी, अशा चार निघाल्या. कोणीतरी दर वेळी वर थर चढवत गेले होते. गवंडी म्हणाला, आधीचे दुकानदार काय येडे होते का, गिऱ्हाईक नको म्हणून घाम गाळायला? आणि मग, तुम्ही मात्र शहाणे हो, उंटावरचे! मी हसून घेतले. काम संपेपर्यंत त्याच्याशी वाकडे घेऊन चालणार नाही. उतार मात्र सुरेख झाला आहे.

शुक्रवार, ७
भिंतींना लावलेली पुट्टी घासून झाली. फरशीवर पिठासारखी पांढरी धूळ. सकाळी माळ्यावरून उतरलो तर तीत बुटांचे ठसे. दारातून आत, थेट मागच्या भिंतीपर्यंत. सहा जोड्या, शेजारी शेजारी, चवडे भिंतीकडे. बाहेर जाणारा ठसा एकही नाही. शटरचे कुलूप जागच्या जागी. सुताराला दाखवले तर तो म्हणाला, चला, भवानी झाली म्हणायची.

शनिवार, ८
सगळे झाडून काढले. दुपारी सुताराच्या भुशात पुन्हा तेच. आता दोन रांगा. मी प्रत्येक ठशाभोवती खडूने रेघ मारली. गवंडी पोट धरून हसला. म्हणाला, यांना बसायला पाट पण मांडा. दारापासून मोकळी जागा अकरा फूट.

सोमवार, १०
सुतार काम टाकून गेला. फळी ठोकताना मी बरगडीत कोपर मारले म्हणतो. मी त्या वेळी दारात होतो. त्याने मला जे शब्द वापरले ते लिहिण्यासारखे नाहीत. हत्यारे गोळा करून रिकाम्या दुकानातून बाहेर गेला तो अंग चोरून, तिरपा होत, गर्दीतून वाट काढल्यासारखा. त्याचे त्याला कळलेही नाही.
मोकळी जागा सात फूट.

बुधवार, १२
गवंड्याच्या घरी जाऊन हात जोडले, पायरी परत बांधून द्या म्हणून. तो म्हणाला, म्हणजे आत आलेल्यांना आतच कोंडायचं का? आणि दार लावून घेतले. शेजारचा शिंपी शिवणावरून मानही वर न करता म्हणाला, बाबा रे, रस्ता सगळ्यांचा असतो. हिंडणारे सगळेच काही खरेदीला निघालेले नसतात.

शुक्रवार, १४
माळ्यावर जाता येत नाही. दुपारी प्रयत्न केला. समोर काही दिसत नव्हते, पण तोंडाला कापड लागले. ओले. गरम. दारातच पथारी टाकली आहे.
ठसे वळले. सगळे चवडे आता माझ्याकडे.
चार फूट.

शनिवार, १५
दादाला फोन केला, आईला पाठवू नकोस म्हणून. तो म्हणाला, वहिनीने तिची ट्रंक कालच बाहेर ठेवली, उद्या सकाळच्या गाडीत बसवतो. जन्मात एक काम तरी तडीस ने. फोन आपटला.
पायरी मीच बांधायला घेतली. तीनदा. ओले असतानाच ते तुडवतात — पुन्हा उतार.
दोन फूट.

रविवार, १६
एक फूट. शेवटच्या रांगेत एका माणसाची जागा.
मी बाहेर, उतारावर उभा. मागून सदरा धरलेला आहे. मामा रस्त्यावरूनच बघून गेले. हात वर करून म्हणाले, वा रे पठ्ठ्या, पहिल्याच दिवशी एवढी गर्दी!
त्यांना दिसते —

आई. रस्त्यापलीकडे. ट्रंक डोक्यावर. दुकान भरलेले बघून हसते आहे. ओरडतो आहे पण तिला वाटते, मी बोलावतो आहे.

सदरा फाडून पळता येईल. मग ती जागा आईची.

नाही. मीच. एकदा भरले की कोणाला येता यायचे नाही —

मागे सरकून आत टेकलो. भरले. दोन्ही बाजूंनी खांदे. आता आई आली तरी —

मागचे सरकतायत. दाटीवाटीने. माझ्याशेजारी जागा करून देतायत —

आई, उताराव