नास्तिकाची भूमिका

१२ जानेवारी २००४, सोमवार

आज मी नास्तिक झालो! सेठजींच्या हुकमाने.

आमच्या ग्रेटर नोएडाच्या कॉलेजचे हे मालक. त्यांना सिनेमा काढायचाय — भाविक मुलगा इंजिनीअरिंगला येतो, नास्तिक प्रोफेसरला भर वर्गात हरवतो. ॲडमिशनच्या दिवसांत आईबापांना दाखवायचा. "प्रोफेसर साब, आप ही कीजिए. दाढ़ी भी है, चश्मा भी है." झालं! नास्तिक व्हायला एवढं पुरतं. मी रोज तासभर दत्ताची पूजा करून कॉलेजला येतो, हे सांगणार होतो. पण मार्चमध्ये पर्मनंटची यादी लागायची आहे. गिळलं.

१३ जानेवारी

पद्मजाला सांगितलं. आधी हसली, मग देव्हाऱ्याकडे वळली. "अहो, पोटासाठी देवाला नावं ठेवणार?" म्हटलं, नाटकातला रावण काय खरंच रामाचा वैरी असतो? म्हणाली, "त्याला घरी येऊन पूजेला बसायचं नसतं."

१५ जानेवारी, गुरुवार

शूटिंग सुरू. हिरो म्हणजे सेठजींचा पुतण्या. वय चौतीस, फर्स्ट इयरला! टक्कल झाकायला टोपी. बोटांत सात अंगठ्या. सेटवर सगळे मुहूर्त बघतात, नारळ फोडतात, पण देवाला हाक मारणारा मी एकटाच. प्रत्येक टेकआधी मनात म्हणतो — दत्ता, माफ कर. आज सतरा टेक, सतरा माफ्या.

१८ जानेवारी

संवाद इतके बाळबोध की वर्गात बसवलेली मुलं हसायला लागली. डायरेक्टर म्हणाला, "यार, आप तो पढ़े-लिखे हो. दोनों तरफ़ के आप ही लिख दो."

लिहिले. नास्तिकाची सहा पानं झाली. भक्ताचं अर्धं.

२० जानेवारी

डायरेक्टर वैतागला. "प्रोफेसर को थोड़ा कमज़ोर करो ना! जीत रहा है!"

कमजोर करायला बसलो. बाकी सगळं उडवलं, एक प्रश्न हलेना — 'मागितलं ते मिळालं तर देवाची कृपा, नाही मिळालं तर आपलं कर्म. मग तुझा देव चुकतो कधी?' याचं उत्तर माझ्याकडे असायलाच हवं. चाळीस वर्षांची भक्ती काय लोणचं घालायला? पद्मजाला विचारलं. "असलं विचारायचं नसतं," म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

२१ जानेवारी

डायरेक्टरने सोडवलं! मी प्रश्न विचारतो, हिरो डोळे मिटतो, देवळाची घंटा आपोआप वाजते. प्रोफेसर कोसळतो, रडतो, हात जोडतो. घंटेची दोरी मागून आमचा शिपाई ओढणार. धर्मरक्षण झालं.

२४ जानेवारी

आज टेकआधी माफी मागायची राहिली. डबा खाताना लक्षात आलं. लक्षात येऊनही मागितली नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

पूजेला बसलो. हात आपले चालतात — पाणी, गंध, फूल. मधेच तोच प्रश्न. फूल हातातच राहिलं. फार भीती वाटली. असं काही झालं की देवाला सांगायची सवय आहे. हे कोणाला सांगू?

२ फेब्रुवारी

शेवटचा सीन झाला. पहिल्याच टेकला ओके! डायरेक्टरने मिठी मारली.

५ मार्च

पर्मनंट झालो. पद्मजाने देवापुढे पेढे ठेवले. "बघा, दिलं की नाही दत्ताने!" मी पेढा खाल्ला. चांगला होता.

१४ मार्च, रविवार

ऑडिटोरियममध्ये सिनेमा दाखवला. घंटा वाजली तेव्हा आईबापांनी टाळ्या पिटल्या. घरी येताना पद्मजा डोळे पुसत होती. "उगीच घाबरले हो मी. शेवटी हात जोडून रडलात ना, तेव्हा जीव भांड्यात पडला. ते काही अभिनयाने येत नाही."

मी हो म्हटलं. सबंध सिनेमात अभिनय केला तो तेवढाच.