आखलेलं खाचर

१० ऑक्टोबर, शुक्रवार
आज पीक कापणी प्रयोगाचा प्लॉट आखला, ज्याच्या वजनावरून गावाचं उत्पन्न धरतात. मोबाइलनं गट नंबराचा आकडा दिला, आकडा जिथं नेईल तिथं गेले. बेडशाच्या अलीकडच्या गावात, बबनआबांच्या खाचरात. आबांची कंबर गेल्यापासून शेती त्यांची बायको, शांतामावशीच बघते. टेप धरायलाही तीच आली. दहा बाय पाच मीटर, चार खुंट्या, भोवती सुतळी. इंद्रायणी छान निसवलीय. बांधावर नुसतं उभं राहिलं तरी वास येतो.
मावशी म्हणे, "एवढ्या वावरात ह्योच तुकडा का ओ ताई?"
म्हटलं, मी निवडत नाही, आकडा येतो.
"म्हंजी आमच्या नावाची चिठ्ठी निगाली म्हना की." खूश झाली. आत गेली, हळदीकुंकू आणलं, चारी खुंट्यांना लावलं. मी फोटो काढायचा म्हणून थांबले होते, त्यात खुंट्यांना कुंकू. कृषी खात्यात वर कुणी विचारलं तर काय सांगू?
मी येईपर्यंत एवढं कापू नका, बाकी शेत तुमचं, एवढं सांगून निघाले. गुडघा ठणकतोय.

१५ ऑक्टो., बुध.
लोणावळ्याला हॉटेलात कार्यशाळा. पडद्यावर देशाच्या भाताचा आलेख, वर वर जाणारा. वक्ते म्हणाले, या रेषेत तुम्हा प्रत्येकाचा घाम आहे. टाळ्या. जेवणात पनीर.
चहाच्या वेळी मंडळ कृषी अधिकारी सा. नी पुन्हा बजावलं, यंदा विम्याची भरपाई फक्त कापणीच्या आकड्यावर. नुकसानीचा फोन करा, पंचनामा करा, ते विम्याला चालणार नाही. मंडळाची सरासरी ठरलेल्या आकड्याच्या खाली गेली तर सगळ्यांना मिळेल, वर राहिली तर कुणालाच नाही. मोजके प्लॉट आणि त्यांच्यावर एवढी गावं.
येताना तुंगार्लीच्या तळ्यावर पाच मिनिटं बसले. बंगलेवाल्यांची कुत्री फिरवायला माणसं होती. एकानं विचारलं, मॅडम इथे ऑर्गॅनिक राइस कुठे मिळेल? माहीत असून सांगितलं नाही. का कोण जाणे, राग आला.

२२ ऑक्टो., पाडवा
ह्यांनी ओवाळणीत स्कूटरची नवी बॅटरी घातली. देहूरोडच्या डेपोतून रिटायर झाल्यापासून ह्यांना माझ्या स्कूटरची माझ्याहून जास्त काळजी.
सकाळी पेपर मोठ्यानं वाचत होते. "देशात तांदळाचं विक्रमी उत्पादन. अहो, तुमच्या खात्यानं रेकॉर्ड केलंय, पेढे कुठायत?"
म्हटलं, ते मागच्या हंगामाचं. यंदाचं अजून उभं आहे.

२६ ऑक्टो., रवि.
काल दुपारपासून पाऊस. दिवाळी संपलीय, आता कसला पाऊस. गावागावांतून फोन. सगळ्यांचं एकच, "ताई, भात पडलं."

२८ ऑक्टो.
पाऊस चालूच. मंडळातले अर्धे प्लॉट दिवाळीआधीच कापून झालेत. हळवी, लवकर येणारी भातं, कोरडी, चांगली भरली. त्यांचे आकडे वर गेले. उरलेत ते इंद्रायणीचे, जे आता पाण्यात आहेत. मनात हिशेब मांडला. हे उरलेले खाली आले तर सरासरीही खाली येईल आणि लोकांना काही तरी मिळेल.
म्हणजे मी मनोमन पीक वाईट यावं म्हणून बसलेय. पंचवीस वर्षं शेतकऱ्यांना उत्पन्न वाढवा सांगत हिंडले.

३१ ऑक्टो., शुक्र.
तीन दिवस पवनेच्या पलीकडे ड्यूटी. सरकारी मदतीसाठीचे पंचनामे, ते वेगळे. मावशीच्या गावाकडे जायला झालं नाही. खाचरांत भात असं झोपलंय की अंथरूण घातल्यागत दिसतं. लोंब्या उचलून बघितल्या, दाण्याला कोंब फुटलेत. एका बाईनं विचारलं, "शेतकरी आयडी काडला, मोबाइलवर पीक पाहनी केली, पीक लावल्यालं दावलं. आता पडल्यालं कुटं दावायचं?" जेवून जा म्हणाली. जेवले.

३ नोव्हें., सोम.
कापणी. सगळं नीट लिहून ठेवते, पुढे आठवणीत गोंधळ नको.
सरपंच, पोलीस पाटील, विमा कंपनीचा माणूस (पांढरे बूट, बांधावरच थांबला), मी. आबा घरासमोर खाटेवर. खाचराशी पोचले आणि पाय थांबले.
आजूबाजूचं सगळं आडवं. चिखल, पाणी, कुजका वास. आणि मधोमध माझ्या सुतळीच्या आत भात उभं. लोंब्या उचलून मूठ मूठभर एकत्र बांधलेल्या, प्रत्येक मुठीला गवताची गाठ. कडेनं चर खणलेला. आतलं पाणी सगळं बाहेर, मावशीच्या स्वतःच्या भातात सोडलेलं. खुंट्यांना परत कुंकू.
"मावशी, हे काय?"
"काय म्हंजी? पडलं व्हतं ना. मी आन जाऊ, दोन दिस पावसात बांदलं."
"फक्त एवढंच?"
"सरकारनं आखल्यालं हाय ते. आमच्या भरवशावर ठेवलंय. तुमी येनार, चार मानसं येनार, तवा चिखलात लोळल्यालं दावायचं व्हय?"
तोंडावर केवढं समाधान होतं.
सरपंचाला लगेच कळलं. खालच्या आवाजात म्हणाला, "आवो मावशी, घात केलासा."
कंपनीचा माणूस हसला. "उभं पीक आहे मॅडम. वजन घ्या."
मी म्हटलं, बाहेरचं बघा ना. हा प्लॉट शेतासारखा राहिलेला नाही.
"प्लॉटच्या बाहेरचं मी कशाला बघू?"
कापलं. झोडपलं. काटा लावला. चांगलं भरलं. चांगल्या वर्षी भरतं तेवढं. मावशी काट्याकडे बघत होती आणि सरपंच मावशीकडे.
"ताई, निम्मं लिवा. कोन बघतंय," सरपंच.
कंपनीचा माणूस बघत होता. पण तो नसता तरी? नसतं लिहिलं, असं इथे तरी खात्रीनं म्हणायला हवं.
खरं वजन टाकलं. खाली शेऱ्यात लिहिलं: पडलेलं पीक शेतकऱ्यानं हातानं उभं केलं आहे, आजूबाजूचं क्षेत्र पूर्ण आडवं, हे वजन गावाचं समजू नये. शेऱ्याखाली सही करायला सरपंच तयार नाही, प्लॉटात हात घातला म्हणून गावाचं नाव खराब होईल म्हणे. कंपनीवाल्यानं नकारार्थी मान हलवली. सही माझी एकटीची.
मावशी शेवटी म्हणाली, "ताई, कायतरी चुकलं का माजं?"
नाही म्हटलं. तिथे दुसरं काय म्हणणार होते!

४ नोव्हें.
मंडळ सा. चा फोन, सकाळीच. "शेरा कशाला लिहिलात? प्लॉट रद्द झाला तर दुसरा कुठून आणू? उभं पीक उरलंय का कुठे? तो शेरा मागे घ्या, वजन तेवढं राहू द्या."
मी घेतला नाही. ते म्हणाले, मग मी तो वर पाठवत नाही. संपलं.
म्हणजे आकडा गेला आणि शेरा राहिला. मावशीचा तो बांधलेला तुकडा आता तालुक्यात जाईल, जिल्ह्यात जाईल, सगळीकडे मिसळत देशाच्या आलेखात जाऊन बसेल. पुढच्या कार्यशाळेत पडद्यावर दिसेल. मी टाळ्या वाजवणार नाही, एवढंच माझ्या हातात.

६ नोव्हें., गुरु.
अजून एक काम शिल्लक आहे, ते हंगामभर विसरायला होतं. सुकं वजन. ओल्या धान्यातला एक किलो वेगळा काढून वाळवायचा, मग परत तोलायचा. किती घटलं त्यावरून शेवटचा आकडा. तो किलो माझ्याकडे आहे. रोज सकाळी गॅलरीत जुन्या साडीवर पसरते, संध्याकाळी पिशवीत भरते. कबुतरांसाठी गॅलरीला जाळी आहे, तळेगावात सगळ्यांकडेच आहे.
सा. म्हणाले, मंडळाची सरासरी ठरलेल्या आकड्याच्या किंचित वर आहे. अगदी काठावर. बाकीचे इंद्रायणीचे प्लॉट पडलेत, पण हा एक वर ओढतोय. "तुमच्या सुक्या वजनावर काय ते बघू."
म्हणजे तो किलो थोडा हलका भरला तर सगळ्या गावांना भरपाई. फोन ठेवला. गॅलरीकडे बघवेना.

७ नोव्हें.
हे चहा पिताना सहज म्हणाले, "मूठभर कबुतरांनी खाल्लं तर कोण काय सिद्ध करणार?"
मी कप आपटला. म्हटलं, डेपोत असं करत होतात का तुम्ही?
"डेपोत एवढी गावं नव्हती वाट बघत," म्हणाले आणि भाजी आणायला गेले. नंतर दिवसभर आम्ही दोघं मिठाच्या अंदाजावर भांडलो.

९ नोव्हें., रवि.
गावात गेले, सुट्टी असून. कामाचं काही नव्हतं.
मावशी एकटी खाचरात, कमरेतून वाकलेली, कुजक्यातून निवडून निवडून कापत होती. इकडे सावडीनं कापणी होते, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, पाच-सात बायका मिळून. मावशीच्या बांधावर कुणी नव्हतं. पलीकडच्या खाचरात सगळ्या होत्या, जाऊसुद्धा तिकडेच. बांधायला दोघी होत्या, आता एकटी हीच. एकीनंही मान वर केली नाही.
मी पण विळा घेतला. मावशीनं काढून घेतला. "ऱ्हाऊ द्या. तुमी हितं दिसलासा तर म्हनतील, हिनंच ताईला सांगून आकडा वाडवून घेतला."
गावात खरंच असं म्हणताहेत. सरपंच नव्हे, बायका. बक्षीस मिळणार म्हणून केलं असंही.
पोतं ओटीवर आहे, त्या प्लॉटचं. नियमानं ते शेतकऱ्याचं, मी तिथेच देऊन आले होते. तोंड शिवलेलं, तसंच. म्हटलं, हे का नाही दळायला नेलं?
"ते न्हाई आमी खानार."
आबा खाटेवरनं म्हणाले, "तिला म्हनलं व्हतं, दोन मुठी आपल्या वावरात पन बांद. म्हनली, आदी सरकारचं व्हऊ द्या." एवढंच बोलले आणि कूस बदलली.
स्कूटरवर येताना कामशेतच्या अलीकडे थांबले आणि रडले. लाज वाटली नाही.

११ नोव्हें.
ऊन बरं आहे. धान्य कडक व्हायला लागलंय. दाताखाली एक दाणा फोडून बघितला. मग लक्षात आलं, तो दाणासुद्धा मोजायचाय. टाचणीएवढा का होईना, कमी केला मी. हसू आलं आणि मग नाही आलं.
दिवसभर विचार एकच. तो आकडा खोटा आहे, हे मला माहीत आहे. शेरा लिहून खरं सांगायचा प्रयत्न केला, तो अडवला. आता खोट्या आकड्यातून मूठभर काढली, तर तो खऱ्याच्या जवळ जाईल की आणखी खोटा होईल? कुणाला विचारू? सा. ना? ह्यांना? हे तर उत्तर देऊन मोकळे झालेत.

१२ नोव्हें., बुध.
ऑफिसात चौकशी केली, शेऱ्याचं काय झालं. "कुठला शेरा?" म्हणाले.

१३ नोव्हें., गुरु.
उद्या वजन. आजचं शेवटचं ऊन.
सकाळी धान्य पसरताना बघितलं, गॅलरीच्या जाळीचा खालचा कोपरा सुटलाय. दोरी कापलेली नाही, सोडलेली आहे, नीट गाठ उकलून. मी सोडली नाही. ह्यांना विचारलं नाही. हे सकाळपासून बँकेत गेलेत, जिथे ह्यांचं काही काम नाही.
मी ती परत बांधली नाही. बांधणार होते. आधी चहा ठेवला, मग फोन आला.
मावशीचा. कुणाच्या तरी मोबाइलवरून, पहिल्यांदाच.
"ताई, त्ये किलोभर धान तुमच्याकडंच हाय न्हवं?"
हो म्हटलं.
"ऊन लागतंय का त्याला?"
हो.
"मग ठीक. पाखरांकडं ध्यान असू द्या. आमी लय पाखरं हाकलली त्याच्यावरनं." मग म्हणाली, "सरपंच आला व्हता. म्हनला, ताईला सांग कमी भरवायला. मी न्हाई सांगनार. तुमाला काय वाटंल ते करा. पन ते धान चांगलं हाय ताई. चांगलंच भरल्यालं."
तिकडून कुणीतरी मोबाइल मागितला आणि फोन बंद झाला.
बोलायचं बरंच होतं. मावशी, तुम्ही चांगलं केलंत, हे सांगायचं होतं. तुम्ही वाईट केलंत, हेही.
मग वही घेऊन इथे स्वयंपाकघराच्या दारात बसले. इथून गॅलरी सरळ दिसते. साडी, साडीवर धान्य, उन्हात पिवळं. एक कबुतर केव्हाचं कठड्यावर आहे. आता जाळीच्या सुटलेल्या कोपऱ्यातून डोकं आत घातलंय त्यानं.
आत आलं.
साडीच्या काठावर उभं आहे, माझ्याकडे बघतंय. अजून चोच मारलेली नाही. उठायला हवं.