सत्त्याण्णव अंश

१७ सप्टेंबर, बुधवार. सकाळी ११
काल बेहालातल्या जयप्रकाशदांच्या दुकानातून कॉम्प्युटरचे सगळे पार्ट्स आणले. ते म्हणत होते, इथेच जोडून देतो. नकार दिला. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं म्हणजे स्क्रू फिरवता येत नाहीत असं नाही. (कॉलेज मी सोडलं. एचओडींना जे बोललो ते मागे घेतलं असतं तर आजही तिथेच असतो. घेतलं नाही.)

मशीनचं कारण एकच. ऋता. तिच्या बाबांची नागपूरला बदली झाली आहे. ५ ऑक्टोबर, रविवार, हावड्याहून गाडी. इथल्या मराठी मंडळाचे चौदा वर्षांचे व्हिडिओ तिच्या हार्ड डिस्कवर आहेत. गणपती, कोजागिरी, नाटकात ती राजा आणि मी भालदार. मी म्हणालो, तू जायच्या आत याची फिल्म करून देतो. ती म्हणाली, अरे नको, एवढा वेळ कुणाला आहे. मी म्हणालो, मला आहे. ती यावर काही बोलली नाही. भारावली असावी.

शेवटची फ्रेम ठरली. काळा पडदा, पांढरी अक्षरं: ‘मी नागपूरला आलो तर?’ संगीत नाही.

दुपारी १
आज इकडे विश्वकर्मा पूजा, म्हणजे अवजारांची, यंत्रांची. समोरच्या गॅरेजातल्या गाडी उचलायच्या जॅकलासुद्धा हार. आईला कसं राहवेल? मी प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून ऋताला फोटो पाठवत होतो, तेवढ्यात ती ताम्हन घेऊन आली आणि उघड्या मदरबोर्डवर हळदकुंकू, अक्षता. फार ओरडलो. ती निरांजन तसंच घेऊन परत गेली. अक्षता वेचल्या. सात निघाल्या. पेस्टवर प्रोसेसर गार ठेवणारा कूलर बसवला, स्क्रू आवळले.

संध्याकाळी ५
पहिल्याच बटणाला सुरू. ऋताला कळवलं. तिचा अंगठा आला. नुसता अंगठा, पण लगेच.

१८ सप्टेंबर, गुरुवार
काहीही काम चालू नसताना प्रोसेसरचं तापमान ९७ अंश. पंखा विमानासारखा. कूलरला हात लावला तर थंडगार. प्रोसेसर ९७ आणि त्यावर बसलेला कूलर थंड, हे शक्यच नाही. निष्कर्ष: सेन्सर खराब.

१९ सप्टेंबर
तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर्स टाकून पाहिली. तिन्ही ९७ सांगतात. साहजिक आहे. तिघं त्याच एका खोटारड्याला विचारतात.

२१ सप्टेंबर, रविवार
आईचा तापाचा थर्मामीटर कूलरच्या पात्यांत खुपसून ठेवला. पाच मिनिटांनी पाहिलं तर पारा ढिम्म. म्हणजे यंत्राला साधी कणकणही नाही. सिद्ध झालं.
बाबा बँकेची फाइल बाजूला ठेवून म्हणाले, कूलर एकदा काढून परत बसव ना. मी म्हणालो, तुम्ही लोन सँक्शन करा, मी हार्डवेअर बघतो. ते फाइल घेऊन आत गेले. जेवताना कोणी बोललं नाही. वरणाला मीठ कमी होतं, तेही नाही.

२३ सप्टेंबर
फिल्म एडिट करून पूर्ण. चाळीस मिनिटं. आता फक्त फायनल फाइल बनवायची. सत्तर टक्क्यांवर मशीन बंद पडलं. परत लावलं. परत सत्तर. मशीन त्या खोट्या आकड्याला घाबरून स्वतःला बंद करतं. एखाद्याला कोणी रोज आजारी म्हणत राहिलं तर तोही आडवा होईल.

आईने दारातून विचारलं, अरे, त्या दिवशी मी अक्षता... मी म्हणालो, सात होत्या, सातही वेचल्या, विषय बंद. तिने दार लावून घेतलं.

२५ सप्टेंबर
टेबल फॅन लावून, खिडकी उघडून, मदरबोर्डचं सॉफ्टवेअर नवीन टाकून. त्र्याहत्तर टक्के. प्रगती आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
मशीन उचलून ऑटोने जयप्रकाशदांकडे. म्हणालो, सेन्सर सडका आहे, प्रोसेसर बदलून द्या. ते म्हणाले, आधी कूलर उघडून बघू. मी म्हणालो, माझ्या असेंब्लीला हात लावायचा नाही. ते म्हणाले, मग डॉक्टरकडे येऊन शर्ट काढणार नाही म्हणतोस तसं झालं. दुकानातले दोघं-तिघं हसले. मग मी बरंच बोललो. त्यात ‘चोर’ हा शब्द होता. त्यांनी आवाज चढवला नाही, उलट मशीन ऑटोपर्यंत स्वतः आणून दिलं. अपराधी माणूसच असं वागतो.

निश्चय: उद्यापासून रागावर ताबा.

२७ सप्टेंबर, शनिवार
थंड डोक्याने परत गेलो. शटर बंद. कागद चिकटवलेला: दुर्गापूजेची सुट्टी, लक्ष्मीपूजेनंतर उघडेल. इकडे ती कोजागिरीला, म्हणजे ७ तारीख. तिची गाडी ५ ला.
दुकान काल उघडं होतं.

३० सप्टेंबर, अष्टमी
अख्खं शहर रस्त्यावर. खाली ढाक वाजतोय. आईबाबा सॉल्ट लेकला ऋताकडे निरोपाच्या जेवणाला गेले. मला कामं आहेत.
एकसष्ट टक्के.

संध्याकाळी ६
ऋताचा फोन. सगळे आलेत, तूच नाहीस, म्हणाली. मी सेन्सरची सगळी हकिगत सांगितली, पुराव्यांसकट. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “शौनक, तो सेन्सर खरं सांगत असेल, असं तुला एकदाही वाटलं नाही?”
मी म्हणालो, तूसुद्धा त्यांच्यातलीच. ती म्हणाली, कुणांतली? मी फोन ठेवला. कुणांतली ते मलाही नेमकं सांगता आलं नसतं, पण मुद्दा तो नाही.

ती परत करेल. राग उतरला की करतेच.

१ ऑक्टोबर
फोन नाही. नेटवर्कवर पूजेचा लोड असतो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी
ऋता स्वतः आली. हार्ड डिस्क न्यायला. गेटपाशी रिक्षा थांबवून उभी होती, हातात मिठाईचा डबा. मी वरून पाहिलं. केस कापलेत. मला सांगितलं नव्हतं.
डिस्क आईच्या हाती खाली पाठवली. मी उतरलो नाही. फिल्मशिवाय रिकाम्या हाताने काय उतरायचं? (व्हिडिओ कॉपी करून घेतलेत.) तिने वर पाहिलं. मी पडद्यामागे होतो.
आई वर येऊन म्हणाली, पाच मिनिटं थांबली होती रे. डब्यात सहा संदेश. खाल्ले नाहीत. संध्याकाळी चार खाल्ले.

५ ऑक्टोबर, रविवार
हावड्याला आईबाबा गेले. मी नाही. ठरवलं होतं की तिने फोन केला तर टॅक्सी करून वेळेत पोचायचं. शर्ट घालून तयार होतो. बूटही.
गाडी वेळेवर सुटली. या देशात नको तेव्हाच वेळेवर सुटतात.

७ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ११.३०
जयप्रकाशदांनी दुकान उघडलं तेव्हा मी पायरीवर होतो. मागचं काही बोलले नाहीत. चहा सांगितला. मी म्हणालो, उघडा. चार स्क्रू. कूलर उचलला. करड्या पेस्टमध्ये एका कोपऱ्यात तांदळाचा दाणा. एका बाजूने लाल.
त्यांनी तो चिमट्याने धरून उजेडात पाहिला. “पोलाव बनाया था क्या?” मग जरा हळू आवाजात म्हणाले, “सेन्सर तो सही था, भाई.”
दाण्यामुळे कूलर तिरका बसला होता म्हणे, प्रोसेसरला नीट टेकलाच नव्हता. खालची आग वर पोचणार कशी? नवी पेस्ट लावून दिली. मी माफी मागणार होतो, पण गिऱ्हाईक आलं.

दुपारी २
४१ अंश. आईने विचारलं, काय निघालं? म्हणालो, सेन्सर. ती बरं म्हणाली. माझ्या शर्टवर करडी पेस्ट लागली होती, ती पुसत राहिली.

दुपारी ३
फाइल तयार. शंभर टक्के. अकरा मिनिटं लागली.
सगळी पाहिली. चाळीस मिनिटांत मी एकूण सहा वेळा आहे. पाच वेळा भालदार.

दुपारी ४
ऋताला कळवलं, फिल्म झाली. लगेच उत्तर: ‘अरे वा! लिंक पाठव, आजी वाट बघतेय. सेन्सरचं काय झालं?’
लिहिलं, खराबच होता, बदलून घेतला.
अंगठा आला.

दुपारी ४.४०
शेवटची फ्रेम काढली आणि फाइल पुन्हा बनवली. दहा मिनिटं, छप्पन्न सेकंद. पाठवली.
४१ अंश. पंखा फिरतोय की नाही, ते वाकून बघावं लागतं.